डाग दिसला म्हणून पाकीट फेकू नका

आमच्या भिशीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. त्याआधी तो मला दोन नातेवाइकांकडूनही आला होता. त्यात म्हटलं होतं ते थोडक्यात असं: गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना मधेच रक्त दिसलं, तर गोळी लागू पडत नाही, ताबडतोब बंद करा. दर महिन्याला पाळी येते आहे ना, मग दिवस राहिलेले नाहीत. पाळी आली नाही तर राहिलेच. गरोदरपणात चुकून गोळ्या पोटात गेल्या तर बाळात व्यंग येतं. आणि शेवटी, वर्षातून दोन महिने शरीराला गोळ्यांपासून विश्रांती द्या. खाली जोडलेले हात आणि दहा बहिणींना पाठवण्याची आज्ञा.

कुटुंबनियोजनाचा सल्ला देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या मेसेजमधल्या पहिल्याच वाक्यामुळे नको असताना दिवस राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

माला-डी किंवा माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट हातात घ्या. 28 गोळ्या असतात. त्यातल्या 21 हार्मोनच्या, उरलेल्या 7 नुसत्या लोहाच्या. हार्मोनच्या प्रत्येक गोळीत 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेन, असतं. त्यांच्यामुळे बीजांड बाहेर पडत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तरही पातळ राहतं. अशा पातळ अस्तरातल्या नाजूक रक्तवाहिन्या अधूनमधून पाझरतात. पहिल्या तीन महिन्यांत हे खूप जणींना होतं आणि बहुतेकींचं आपोआप थांबतं. अमेरिकेत 1960 साली मंजूर झालेल्या एनोव्हिड या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन आजच्या कितीतरी पट होतं. पुढे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी व्हावा म्हणून ते घटवत आणलं, आणि इस्ट्रोजेन जितकं कमी तितके डाग जास्त दिसतात. गोळी रोज वेळेवर पोटात जात असेल तर या डागांमुळे तिचा परिणाम कमी होत नाही. कमी होतो तो डाग पाहून पाकीट कपाटात टाकल्यावर.

डागांमागे खरं कारण असू शकतं, नाही असं नाही. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे विसरलेली गोळी. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं धरून दुसरी घ्यायची. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामॅझेपिन, फेनिटोइन ही औषधं मात्र गोळीचा जोर खरोखर कमी करतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगून दुसरं साधन घ्यावं. (सर्दी-खोकल्यावर मिळणाऱ्या साध्या अँटिबायोटिक्सना यात उगाच गोवलं जातं.) महिनोन्‌महिने सुरळीत चालल्यावर अचानक डाग सुरू झाले, किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर तपासून घ्यायचं. गोळी तोवर चालू ठेवायची.

आता पाळी आली म्हणजे दिवस नाहीत, या मुद्द्याकडे. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात जे रक्त जातं, ती नेहमीची पाळी नव्हेच. हार्मोन थांबल्यामुळे पातळ अस्तर गळून पडतं, एवढंच. ब्रिटनमधल्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञ संस्थेने तर 2019 साली स्पष्ट सांगितलं की, या सात दिवसांच्या खंडाचा तब्येतीला काही फायदा नाही. उलट बाजूने पाहिलं तर दिवस राहिलेल्या सुमारे चार-पाचजणींपैकी एकीला पहिल्या तीन महिन्यांत थोडंफार रक्त जातं. त्यामुळे गोळ्या चुकलेल्या असतील आणि रक्त आलं, तरी सुटलो असं समजू नका. त्यातच ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, खांदा दुखत असेल, भोवळ येत असेल तर गर्भ नळीत असू शकतो. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा, पाहू उद्या म्हणायचं नाही.

पुष्कळ गोंधळ गौरी-गणपतीत होतो. सणासाठी पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतात. त्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्त येतं. पण तशा घेतलेल्या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत, आणि मी गोळीवर आहे असं सांगणाऱ्या कितीतरी जणी प्रत्यक्षात याच गोळीवर असतात!

पाळी आली नाही तर दिवस राहिलेच, हेही खोटं. अस्तर इतकं पातळ असतं की कधी गळायला काही नसतंच. सगळ्या गोळ्या घेतल्या असतील तर नवं पाकीट ठरल्या दिवशी सुरू करा. गोळ्या चुकल्या असतील किंवा लागोपाठ दोन महिने कोरे गेले, तर लघवीची तपासणी करा. निश्चय किट आशाताईंकडे मिळतं, आणि गोळ्यांमुळे तिचा निकाल बदलत नाही. छाया या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीचं गणित वेगळं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ही गोळी हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. तिच्यावर पाळी लांबते, विशेषतः सुरुवातीला. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासायचं.

व्यंगाची भीती तर निव्वळ क्रूर आहे. डेन्मार्कमधल्या 8,80,694 बाळांच्या नोंदी तपासून 2016 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळी कधीच न घेतलेल्या आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला चुकून घेतलेल्या, दोन्ही गटांत व्यंगाचं प्रमाण हजारी पंचवीसच्या आसपासच होतं. दिवस राहिल्याचं कळलं की गोळी थांबवायची. घाबरून पोट पाडायचं कारण नाही.

विश्रांतीची गरज नाही. मोठा खंड घेऊन पुन्हा सुरुवात केली की पहिल्या महिन्यांतले डाग परत येतात, आणि गुठळ्यांचा धोकाही त्याच महिन्यांत जास्त असतो.

मेसेज वाचून माझ्या मावसबहिणीने बाराव्या गोळीनंतर पाकीट बंद केलं होतं. फोन आला तेव्हा तीन गोळ्या चुकल्या होत्या. मी विचारलं, “पाकीट कुठंय?” म्हणाली, “गव्हाच्या डब्यामागे.” मग सांगितलं, चुकलेल्यांपैकी शेवटची आत्ता घे, पुढची नेहमीच्या वेळी, आणि सात दिवस निरोध वापरा.

“आणि पाळी कधी येईल गं?”

“लोहाच्या गोळ्या लागल्या की.”