दिवाण हातभर सरकला आणि...

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मी हॉलमधला दिवाण हातभर पुढे ओढला. पाचच मिनिटांत बंड्या धावत आला आणि दिवाणाच्या कोपऱ्यावर थाडकन आपटला. चूक माझी, आणि कान पाडून उभा तोच!

बंड्या म्हणजे आमचा लॅब्रॅडोर, वय 9. आधी नुसता अंधारात जिना उतरायला कुरकुरायचा. आम्हाला वाटलं, आळशी झालाय. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा झिजतोय, आजार आनुवंशिक, औषध नाही. वर्षभरात दिवसाचंही दिसेनासं झालं.

"इंजेक्शन देऊन सोडवा त्याला," म्हणणारे चारजण तरी भेटले. संताप होतो. काचबिंदूत डोळा ठणकतो, या आजारात दुखत नाही. आणि कुत्र्याचं निम्मं जग नाकात असतं. खरी अडचण आपली आहे, आपल्याला वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय नाही.

आता जेवून उठलं की खुर्ची आत. चपला रॅकमध्येच. पाण्याचं भांडं तसूभर हलत नाही. जिन्याच्या वर आणि खाली काथ्याचं पायपुसणं टाकलंय. पुढचा पंजा काथ्याला लागला की बंड्या थबकतो, नाक खाली नेतो. मी "पायरी" म्हणते, मग एकेक पाय चाचपत उतरतो. खाली पोचल्यावर हमखास एक नसलेली पायरीही उतरतो.

अंगणात जास्त काम निघालं. बोगनवेलीच्या फांद्या नेमक्या त्याच्या तोंडाच्या उंचीवर. दिसत नसलं तरी डोळ्यात काटा जायचा तो जातोच, म्हणून खालच्या सगळ्या छाटल्या. कण्हेर मुळासकट काढली, ती तशीही विषारी. हौदावर जाळी बसवली. तुळशीवृंदावन हलवा, असं एका पाहुण्यांनी सुचवलं, तेही सासूबाईंसमोर! शेवटी त्याच्याभोवती हातभर खडी पसरली. पायाखाली खडी आली की बंड्या वळतो.

छोटी कुत्री असणाऱ्यांनो, कीव येऊन सारखं उचलून फिरवू नका. खाली ठेवल्यावर आपण कुठे आहोत हेच त्यांना कळत नाही. उचललंच तर पाण्याच्या भांड्यापाशी नेऊन ठेवा, तिथून त्यांना घर सापडतं. झोपेत असताना हात लावण्याआधी हाक मारा.

यंदा गणपतीत मखर दिवाणाच्या जागी करायचं घाटत होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "खिडकीत करा. तो आपटेल."