किंग्ज गॅम्बिट मेला? कुणी सांगितलं?

माझ्या दहा वर्षांच्या भाचीने परवा किंग्ज गॅम्बिट सोडला. म्हणजे बुद्धिबळातली ती सुरुवात, जिच्यात पांढरा दुसऱ्याच चालीला एक प्यादं मारायला देतो. कारण काय, तर क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला मेसेज: 'फिशरने 1961 मध्ये हा गॅम्बिट खोटा ठरवला, 2012 मध्ये महासंगणकाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आता कोणी मोठा खेळाडू तो खेळत नाही. मुलांना शिकवू नका.'

आधी त्या महासंगणकाकडे बघू. हा 'शोध' चेसबेस या बुद्धिबळ-सॉफ्टवेअर कंपनीच्या संकेतस्थळावर झळकला 2 एप्रिल 2012 ला. रिब्का या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामचा कर्ता वासिक राजलिच म्हणे जवळपास 3000 प्रोसेसर कोर लावून बसला आणि त्याने गॅम्बिट 'सोडवला': तिसऱ्या चालीला पांढऱ्याने उंट ई2 वर नेला तरच बरोबरी, एरवी हार. तारीख बघितलीत ना, एक एप्रिलला लागूनच? थोड्याच दिवसांत चेसबेसनेच सांगून टाकलं की हा एप्रिल फूल होता. पण कबुली कोण फॉरवर्ड करतो! बरं, बुद्धिबळ आजही पूर्ण सुटलंय ते पटावर दोन्ही राजे धरून सात सोंगट्या उरल्या असतील तेवढ्यापुरतं. इथे काळ्याने गॅम्बिटचं प्यादं मारलं तरी 31 शिल्लक असतात. एवढा हिशेब दहा वर्षांच्या पोरीलाही जमतो, क्लास चालवणाऱ्यांना जमू नये?

आता फिशर, म्हणजे पुढे जगज्जेता झालेला अमेरिकेचा बॉबी फिशर. 1960 मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताच्या स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू स्पास्कीने त्याच्यावर हा गॅम्बिट टाकला. फिशर ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींत, अजिबात मेला नव्हता. प्यादं खाऊन मजेत होता, घोळ घातला तो पुढे. 29व्या चालीला स्पास्कीने हत्ती एफ4 वर आणून वजिराला हुसकलं. वजीर हलला की त्याच्या जिवावर उभा असलेला ई7 चा उंट जाणार. फिशरने तिथेच डाव सोडला. ते त्याला भलतंच लागलं आणि पुढच्या वर्षी त्याने 'गॅम्बिट संपला' असा लेख लिहिला. त्यातली काळ्याने तिसऱ्या चालीला प्यादं डी6 वर ढकलायची सूचना चांगली आहे, मान्य. पण सिद्ध वगैरे काही झालं नाही. आणि 1963-64 च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी एव्हन्सविरुद्ध हाच गॅम्बिट कोण खेळलं? फिशर. जिंकलाही. 1968 ला तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या विंकोव्त्सीत पुन्हा खेळला, पुन्हा जिंकला.

मोठे खेळाडू तो क्वचितच खेळतात, हे खरं आहे. इंजिनंही, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्रामही, काळ्याला जरा झुकतं माप देतात. तरी 2010 मध्ये रोमानियातल्या मेदियाशला नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनने चीनचा ग्रँडमास्टर वांग युए याला याच गॅम्बिटने हरवलं. आणि भाचीसमोर वांग युए बसत नाही, शेजारच्या क्लासची पोरं बसतात.