हाती भोपळा

परीक्षेत शून्य मिळालं की आपण ‘भोपळा मिळाला’ म्हणतो. जुन्या हॅलोविनची कागदी सजावट जमवणारे आम्ही मात्र डॉलर मोजून भोपळा घेतो, आणि तो १९२०च्या दशकातला निघाला तर पेढे वाटतो.

मुळात ही ३१ ऑक्टोबरला टांगायची आणि दुसऱ्या दिवशी केरात टाकायची वस्तू. मॅसॅच्युसेट्सच्या डेनिसन कंपनीने गोंदाचे स्टिकर आणि क्रेप कागद विकला, पेनसिल्व्हेनियाच्या बाइस्टलने हाडांचे सापळे, मांजरं आणि मधपोळ्यासारखे उलगडणारे टिश्यूचे भोपळे. हे कुणी शंभर वर्षं जपावं, असं त्यांच्या स्वप्नातही नसेल.

सर्वांत छळतात ते स्टिकर. जीभ लावली की चिकटावेत म्हणूनच जन्माला आलेले, आणि आमचा हट्ट असा की त्यांनी चिकटू नये! न्यू जर्सीतल्या जुलैच्या दमट हवेत ते डबीतल्या डबीतच संसार थाटतात. ओढून सोडवले तर चेटकिणीचं नाक वटवाघळाच्या पाठीवर राहतं. टपालतिकिटांसारखे पाण्यात भिजवले तर गोंद जातो, त्याबरोबर किंमतही. म्हणून तळघर नको, माळा नको. आर्द्रता ४० ते ५० टक्के, आणि प्रत्येक स्टिकर पॉलिएस्टरच्या वेगळ्या पाकिटात. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं काही वर्षांनी स्वतःच चिकट होतात. शिवाय कसर, म्हणजे कागद कुरतडणारी कीड. गोंद म्हणजे तिला पक्वान्न.

मधपोळ्याचा भोपळा उघडताना पुठ्ठ्याच्या कडा धराव्यात, टिश्यू नव्हे. पाहुण्यांना दाखवायला दर वेळी उघडाल तर घडीवरच फाटेल. फाटलाच तर सेलोटेप लावू नका, तिचा पिवळा डाग कायमचा बसतो. गव्हाची खळ आणि जपानी कागदाची पट्टी, बस्स.

खरं-खोटं ओळखायला अंधारात अतिनील टॉर्च मारावा. साधारण १९५०नंतरच्या बऱ्याच कागदांत चकाकी आणणारं रसायन असतं, ते निळसर पांढरं उजळतं; जुना कागद मख्ख राहतो. पण मख्ख राहिला म्हणजे जुनाच, असंही नाही. म्हणून दहापट भिंगाखाली पाहावं: रंगांचे बारीक शिंतोडे दिसले तर कुणाच्या तरी घरचा इंकजेट प्रिंटर. उठाव दिलेलं जर्मन कटआउट (आकारात कापलेलं पुठ्ठ्याचं चित्र) असेल तर पाठीवरून बोट फिरवावं, उठावाच्या जागी खोलगट लागतं. बाइस्टल स्वतःही जुनी चित्रं पुन्हा छापते. ती खोटी नव्हेत, फक्त म्हातारी नव्हेत. कोपऱ्यात टाचणीचं भोक असेल तर नाक मुरडू नये. निदान कुणीतरी ते एकदा भिंतीवर लावलं होतं.

सापळ्याचे हातपाय उगाच हलवू नयेत. सांध्यातली धातूची रिंग गंजलेली असते आणि गंज कागद खातो. मोठं काळं मांजर उभं ठेवलं तर मानेत वाकतं. इतरांकडे ते आडवं गेलं की कामं खोळंबतात. आमच्याकडे ते बिनआम्ल पुठ्ठ्यावर आडवंच ठेवावं लागतं.