निनावी अर्ज, एआय आणि ‘दोन मिनिटांत नाव’

वऱ्हाडातल्या गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “निनावी अर्जाचा फोटो एआयला द्या. लिहिण्याची ढब म्हणजे बोटाचा ठसा. बोलीवरून गाव, शब्दांवरून माणूस, दोन मिनिटांत नाव. कोर्टातही चालते.” घरकुल यादी नाहीतर रोजगार हमीच्या मस्टरवरून अर्जबाजी पेटलेल्या गावात असल्या मेसेजच्या भरवशावर कोणाच्याही दारात भांडण जाऊ शकतं.

“ढब म्हणजे ठसा.” नाही. ठसा बदलत नाही. तोच माणूस बहिणीला मेसेज एक तऱ्हेनं लिहितो, बीडीओला अर्ज दुसऱ्या. शैलीची तपासणी चालते ती मोजणीवर. व, आणि, पण, परंतु, की, तर, सुद्धा असे नकळत पडणारे शब्द हजारी किती येतात ते पाहायचं. आता अर्ज धरा 200 शब्दांचा. त्यात ‘व’ सहा वेळा आला तर प्रमाण हजारी 30. दोन ‘व’ असलेलं एक वाक्य गाळलं की थेट 20 च्या आसपास. एवढ्या डगमगत्या आकड्यावर नाव ठरत नाही. खात्रीसाठी काही हजार शब्द लागतात. त्यातून ‘उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज सादर करतो की’ हा ठोकळा वगळला, तर अर्जात लिहिणाऱ्याचं स्वतःचं उरतं किती? आणि मजकूर तहसीलसमोरच्या अर्जनवीसानं बेतला असेल, तर सापडेल ती ढब त्याची.

“बोलीवरून गाव.” ‘मले’, ‘काहून’, ‘करून राहिला’, शाळेची ‘शाया’, पाण्याचं ‘पानी’: यावरून फार तर लिहिणारा इकडचा आहे एवढं कळतं. पंचक्रोशीच काय, जिल्हेच्या जिल्हे असं बोलतात. शिवाय अर्जात बोली येते कुठं? ‘न-ण’ची चूक फोनच्या कीबोर्डनं परस्पर दुरुस्त केलेलीही असते.

“शब्दांवरून माणूस.” गाजलेली उदाहरणं नीट पाहा. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं अठराव्या शतकात टोपणनावानं छापलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी 12 कोणाचे यावर वाद होता; त्यांवर मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये निकाल दिला तेव्हा प्रश्न मुख्यतः हॅमिल्टन की मॅडिसन, या दोन नेत्यांपुरताच होता. 2013 मध्ये ‘हॅरी पॉटर’वाल्या रोलिंगबाईंनी टोपणनावानं लिहिलेली कादंबरी त्यांचीच असल्याचं फुटलं ते आधी खबर लागली म्हणून; मग ती त्यांच्यासह चार लेखिकांच्या लिखाणाशी ताडून पाहिली. संशयितांची यादी आधी, मोजणी मागून. एक लाख ब्लॉग घेऊन मजकूर कोणाचा हे ओळखण्याचा प्रयोग 2012 मध्ये इंग्रजीत झाला तेव्हा संगणकानं सगळ्यात वर काढलेलं नाव बरोबर निघालं सुमारे 20 टक्के वेळा. म्हणजे पाचांत चार चुका.

“कोर्टातही चालते.” भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये, म्हणजे तज्ज्ञांच्या मताच्या कलमात, हस्ताक्षराचा स्पष्ट उल्लेख आहे, भाषेची ढब ही वेगळी बाब. चॅटबॉटची तर उलटतपासणीही होत नाही.

तरी कोणी ‘94 टक्के जुळते’ असा कागद पुढं केलाच, तर विचारा: तुलनेला कोणकोणाचे लेख घेतले? ते अर्जच होते की फेसबुकच्या पोस्टी? ‘यांतला कोणीच नाही’ असा पर्याय ठेवला होता का? ज्याचा लेखक आधीच माहीत आहे असा एखादा अर्ज नाव झाकून मिसळून पाहिला का? मिसळला नसेल, तर तो 94 चा आकडा कशाचा, हे कागद आणणाऱ्यालाही सांगता येणार नाही.