स्क्रीन रीडरला भीड नसते

आमच्या भागात गावाची माहिती इंटरनेटवर टाकायची म्हणजे भांडण ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’ इथूनच सुरू होतं. सरकारदरबारी २०१४ सालीच बेळगावी झालंय, तरीही. हे भांडण रंगात असतानाच कुणीतरी पान तयार करून टाकतं, आणि ते दिसतंही झकास. मग मी मॉनिटर बंद करून एनव्हीडीए चालू करतो आणि पानाची अब्रू निघते. एनव्हीडीए म्हणजे अंध माणसांसाठीचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम. तुम्ही जे लिहिलंय ते तो वाचतो, तुमच्या मनात होतं ते नाही.

पहिली गोची भाषेची. साच्यात पानाची भाषा इंग्रजीच राहिलेली असते, आणि इंग्रजी आवाज देवनागरीपुढे एक तर गप्प बसतो नाहीतर भलतंच बडबडतो. पानाला ‘एमआर’ हा मराठीचा कोड द्यायचा आणि गावाच्या नावापुढं कंसात कन्नड लिपीतलं नाव असेल तर तेवढ्यापुरता कन्नडचा ‘केएन’. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, इथं मात्र कन्नड शब्द कुठं सुरू होतो नि कुठं संपतो ही सीमा आखावीच लागते. ऐकणाऱ्याकडे कन्नड आवाज नसेल म्हणून तेच नाव शेजारी देवनागरीतही द्यावं.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या स्मरणिकेतून उचललेला मजकूर. डीटीपीवाल्यानं तो युनिकोडपूर्व, म्हणजे देवनागरीला स्वतःचे कोड मिळण्याआधीच्या पद्धतीच्या, फॉन्टात टाइप केलेला असतो. पडद्यावर मराठी, पोटात रोमन अक्षरं नि चिन्हं. एनव्हीडीए ती इमानदारीनं वाचतो आणि शेजारचा विचारतो, ‘हे काय बोलूलालंय बा?’ असा मजकूर युनिकोडात बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, कारण त्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. म्हणून ‘निपाणी’ आणि ‘मार्कंडेय’ हे शब्द शोधून आधी तपासावेत. ते शाबूत असतील तर बाकीच्याची थोडी आशा धरावी.

चित्रांचं काय सांगावं! बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्ती या जैन मंदिराचा सुंदर फोटो, पण पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवायचं वर्णन, नाही. त्यावर लिंक असली तर आवाज ‘आयएमजी डॅश’ करत फाइलचं अख्खं नाव म्हणतो. मग कुणीतरी उत्साहानं लिहितं, ‘सुंदर फोटो’. अरे बाबा, ‘कमलबस्तीच्या मंडपाचं छत, मधोमध खाली लोंबणारं दगडी कमळ’ असं लिही की! कोपऱ्यातल्या वेलबुट्टीला मात्र पर्यायी मजकूर रिकामा ठेवायचा, म्हणजे आवाज ती गाळून पुढं जातो. रिकामा ठेवणं वेगळं आणि द्यायचाच विसरणं वेगळं, हे पटवायला अर्धी दुपार जाते.

तक्ता स्पेसबार दाबदाबून केलेला असतो. ‘गाव तालुका नदी कनकुंबी खानापूर मलप्रभा’ असा एका दमात पाढा. खरा तक्ता केला आणि वरच्या ओळीला शीर्षकाचा टॅग दिला, की कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबत बाजूला सरकताना ‘नदी, मलप्रभा’ असं ऐकू येतं. शोभेसाठी चौकटी एकत्र केल्या की पुन्हा गोंधळ. पिन कोड ५९०००१ सलग लिहिला तर मराठी आवाज लिलावात बोली लावल्यासारखा ‘पाच लाख नव्वद हजार एक’ पुकारतो! मधे जागा सोडून पाहावी, आणि ऐकूनच खात्री करावी.

कमी दिसणाऱ्यांसाठी रंगांचा नियम सरळ आहे: साध्या मजकुराच्या आणि मागच्या रंगाच्या उजळपणात ४.५ ला १ एवढा फरक हवा. पांढऱ्यावर एफएफ९९३३ या रंग-कोडाचा भगवा जेमतेम २.१ भरतो. भगवा पताकेला शोभतो, बारीक अक्षरांना नाही. पण हे चारचौघांत बोलायला छाती लागते.

शेवटी इन्सर्ट आणि एफ७ दाबून लिंकांची यादी उघडावी. ओळीनं ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’. ‘तालुक्यातील गावांची यादी, पीडीएफ, २ एमबी’ लिहायला कुणाच्या बापाचं काय जातंय? आणि तो पीडीएफ निव्वळ स्कॅन असला तर वाचायला आत एक अक्षर नसतं. ३०० डीपीआयनं पुन्हा स्कॅन करा, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा सांगा, आणि मग बसा घटप्रभा नदीची झालेली धटप्रभा पुन्हा घटप्रभा करत.