चॉकलेट स्टाउट कडू का झाली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण मी लेखात नेमकं काय लिहिलं होतं ते आधी माझ्या वहीशी ताडून पाहिलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून दिलेल्या कृतीने तुम्ही १९ लिटर चॉकलेट स्टाउट, म्हणजे चॉकलेटच्या चवीची काळपट बीअर, घरी केली. उकळीत कोको पावडर घातली, वास कमी वाटला म्हणून ७० टक्केवाल्या डार्क चॉकलेटचे दोन मोठे बारही वितळवले. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर काढ्यासारखी कडू, आणि फेस ग्लासात ओतेओतेपर्यंत गायब. शिवाय ज्या चॉकलेट माल्टचं (मोड आणून गडद भाजलेल्या सातूचं, म्हणजे बार्लीचं) मी एवढं कौतुक केलं त्यात चॉकलेट नसतंच, तेव्हा ही फसवणूक आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

कडूपणाचा दोष माझ्या लेखाचा आहे. १५० ग्रॅम कोको पावडर मी ठळक लिहिली, आणि लॅक्टोज (दुधातली साखर) मात्र ‘आवडत असल्यास’ म्हणून कंसात टाकलं. मी स्वतः माल्ट जरा जास्त तापमानाला, ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास भिजवते, त्यामुळे माझ्या स्टाउटमध्ये यीस्टला न पचणारी साखर बरीच उरते. तुम्ही एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टचा तयार घट्ट पाक, वापरलं आणि शेवटची ग्रॅव्हिटी (साखर किती उरली ते सांगणारा घनतेचा आकडा) १.०१० वर आली. एवढ्या कोरड्या, साखर फारशी न उरलेल्या बीअरमध्ये १५० ग्रॅम कोको म्हणजे कडूच होणार. हे मी लिहायला हवं होतं.

घरात बिनसाखरेची कोको पावडर असेल तर चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. कडू, तुरट, किंचित आंबूस. लहानपणापासून आपण जिला चॉकलेटची चव म्हणतो, तिच्यात साखर, दूध आणि व्हॅनिलाचा वाटा फार मोठा असतो. बारमधली साखर यीस्ट चार दिवसांत फस्त करतं आणि मागे राहतो तो कडू भाग. म्हणून चॉकलेट आणखी घातलं की बीअर आणखी चॉकलेटी होईल, हा हिशेब इथे चुकतो. लॅक्टोज ही साखर मात्र बीअरचं यीस्ट खाऊ शकत नाही, म्हणून तिचा गोडवा उरतो. १९ लिटरला ३५० ग्रॅम, उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. पाहुण्यांपैकी कुणाला दूध पचत नसेल तर ग्लास हातात देण्याआधी सांगायचं.

फेस गेला तो मात्र बारमुळे. ७० टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये साधारण चाळीस टक्के चरबी असते, ती कोको बटरची. वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) थंड होताना भांड्याच्या कडेला मिसळीच्या तर्रीसारखा तवंग दिसला असेल, आठवून बघा. तेलकट अंश बीअरमध्ये उतरला की फेस टिकत नाही. तुम्ही विचाराल, मग कोको निब्जमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांच्या तुकड्यांत, तर निम्मी चरबीच असते, त्या कशा चालतात? कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. निब्ज आपण उकळीत टाकत नाही. आंबणं संपल्यावर १८-२० अंशांच्या बीअरमध्ये टाकतो, तिथे चरबी बरीचशी दाण्यातच गोठून राहते. बार आधीच बारीक वाटलेला असतो आणि तुम्ही तो खळखळत्या वर्टमध्ये घातलात.

आता चॉकलेट माल्ट. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. मोड आणून वाळवलेला सातू म्हणजे माल्ट. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करताना पहिल्या पायऱ्या ह्याच असतात. तो गडद तपकिरी होईपर्यंत भाजला की चॉकलेट माल्ट. हे नाव रंगावरून आणि वासावरून पडलं, आणि वास खरोखर येतो. भाजणी भाजताना डाळ करपायच्या जरा आधी घरभर जो खमंगपणा पसरतो, त्याच जातीचा तो वास. कोकोच्या बिया भाजतानाही त्याच प्रकारच्या रासायनिक क्रिया होतात. असं गडद भाजणं जमलं ते १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं पेटंट घेतल्यावर. ब्रुकलिन ब्रुअरीची ब्लॅक चॉकलेट स्टाउट १९९४ पासून निघते, तिच्यात चॉकलेट अजिबात नसतं, सगळी करामत भाजलेल्या माल्टची. तुम्ही न्यू जर्सीत आहात, थंडीत ती सहज मिळेल. एकदा पिऊन बघा आणि मग सांगा फसवणूक वाटते का.

‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द मी ठेवणार आहे, पण कृती बदलून. पहिली खेप बिनचॉकलेटची करा. २५० ते ३०० ग्रॅम चॉकलेट माल्ट भरड दळून मलमलीच्या पिशवीत बांधा, ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग पिशवी काढून एक्स्ट्रॅक्ट घाला आणि उकळी आणा. वर सांगितलेलं लॅक्टोज ह्यातच. आंबणं संपलं की चार लिटर वेगळी काढा, फक्त त्यातच कोको. २५ ग्रॅम निब्ज तव्यावर मंद आचेवर हलक्या परता, वास सुटला की लगेच उतरवा. काचेच्या बरणीत त्या जेमतेम बुडतील एवढ्या व्होडकात तीन-चार दिवस ठेवा. मग बरणी रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी वर पांढुरकी चकती जमलेली दिसेल, ते कोको बटर. चमच्याने उचलून टाकून द्या आणि उरलेलं सगळं त्या चार लिटरमध्ये घाला. तिसऱ्या दिवसापासून रोज चाखा, आवडलं त्या दिवशी बाटलीत भरा. उरलेल्या निब्ज कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका, कोको त्यांना विषारी असतो. दोन ग्लास शेजारी ठेवून प्यायलात की कोकोने नेमकं काय केलं ते कळतं, आणि फसलं तरी पंधरा लिटर हातात राहते.

एका गोष्टीने मला खरी काळजी वाटली. पुढच्या वेळी बाटली भरताना प्रत्येकीत चॉकलेट सिरप घालणार, असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. १९ लिटरला बुडबुड्यांसाठी १०० ते ११० ग्रॅम साखर आपण आधीच घालतो. सिरपची साखर तिच्यावर चढली की बाटलीतला दाब वाढत जातो आणि काच फुटते. डोळ्यांना इजा होऊ शकते.

आणि दिवाळीत पुण्याला भावाकडे हा प्रयोग करायचा बेत रद्द करा. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बीअर स्वतःपुरती करता येते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी बीअर करणं तिथे गुन्हा आहे. भावाला पुण्यातल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत घेऊन जा, तिथे स्टाउट मिळाली तर ह्या सगळ्या गप्पा ग्लास समोर ठेवून मारता येतील.

लेखातलं कोकोचं प्रमाण मी कालच बदललं आणि लॅक्टोज कंसातून बाहेर काढलं. तुमच्या उरलेल्या बाटल्या ओतून देऊ नका. महिनाभर थंड जागी उभ्या ठेवा, कोकोचा गाळ खाली बसला की कडूपणा बराच उतरतो. ओतताना तळाचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. तरी कडू लागली तर ग्लासात, फक्त ग्लासात, चमचाभर साखरेचा पाक घालून बघा. तुम्ही कुठलं यीस्ट वापरलं तेही कळवा, पुढची कृती त्या हिशेबाने लिहून देते.