‘एपीटीला हवं ते व्हर्जन मागता येत नाही’ हे खरं नाही

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. एपीटी, म्हणजे या प्रणालींवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारं साधन, नेहमी ताजं व्हर्जनच बसवतं, जुनं मागितलं तर देत नाही. म्हणून ठरावीक व्हर्जन हवं असेल तर सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणून स्वतः कंपाइल करा, नाहीतर कुठून तरी डेब फाइल (डेबियनचं तयार पॅकेज) मिळवून बसवा, वर होल्ड लावा, म्हणजे ते पॅकेज पुढे बदलू नये अशी खूण करा, आणि विसरून जा. नवीन मुलं हे जसंच्या तसं चालत्या सर्व्हरवर करतात आणि पुढे ते निस्तरत दुसराच कुणी बसतो. म्हणून या सल्ल्याचा एकेक तुकडा घेऊन बोलायला हवं.

‘ताजं तेच बसवतं.’ नाही. एपीटी आधी प्राधान्याचा आकडा बघतं, आकडे सारखे असले तरच मोठं व्हर्जन निवडतं. नेहमीच्या रेपोला, म्हणजे पॅकेजेसच्या भांडाराला, ५००, बॅकपोर्ट्सला (जुन्या डेबियनसाठी तयार केलेली नवी पॅकेजेस) १००, एक्सपेरिमेंटलला (चाचणीतली पॅकेजेस) १. म्हणूनच बॅकपोर्ट्सचा रेपो जोडला तरी त्यातलं नवं पॅकेज आपणहून येत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. ‘एपीटी पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव एवढं लिहिलं की हे आकडे, बसलेलं व्हर्जन आणि पुढे बसू शकणारं व्हर्जन सगळं समोर येतं.

‘जुनं मागितलं तर मिळत नाही.’ इथे बहुतेकांची गाडी अडते ती व्हर्जन अर्धवट लिहिल्यामुळे. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म २०२३ च्या जूनमध्ये आलं तेव्हा त्यात गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) २.३९.२ होतं. पण एपीटीच्या लेखी त्याचं पूर्ण व्हर्जन आहे १:२.३९.२-१.१. सुरुवातीचा १ आणि विसर्गासारखं चिन्ह हा इपॉक (तुलनेत सगळ्यात आधी बघितला जाणारा आकडा), मधला भाग मूळ प्रकल्पाचा, डॅशनंतरचा डेबियनचा. इन्स्टॉल कमांडमध्ये पॅकेजच्या नावाला चिकटून बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे ही अख्खी ओळ द्यायची असते. नुसतं २.३९.२ लिहिलं तर ‘असं व्हर्जन सापडलं नाही’ हेच उत्तर येतं, आणि लोक एपीटीला दोष देऊन मोकळे होतात.

या दाव्यात खरा भाग एवढाच: मुख्य रेपोत जुन्या बिल्ड्स साठवून ठेवत नाहीत. बुकवर्मच्या पुढच्या अपडेट्समध्ये गिट २.३९.५ वर गेलं आणि २.३९.२ रेपोतून गेलं. पण त्यासाठी कंपायलर लागत नाही. डेबियनचं स्नॅपशॉट संग्रहालय २००५ पासूनची पॅकेजेस तारीखवार जपतं. हवी ती तारीख घेऊन तो पत्ता सोर्सेसमध्ये, म्हणजे एपीटीच्या रेपोंच्या यादीत, जोडा, अपडेट करा, आणि तीच तयार बिल्ड एपीटीकडून मागा. जुन्या यादीची मुदत संपली अशी तक्रार आली तर त्या एका ओळीपुरती मुदतीची तपासणी बंद करा. सहीची तपासणी मात्र कधीही बंद करू नका. रस्त्यात कुणी पॅकेज बदललेलं नाही याची खात्री तीच देते.

आता कंपाइल करण्याचा सल्ला. कंपाइल करून ‘मेक इन्स्टॉल’ कमांडने बसवलेलं सॉफ्टवेअर सहसा यूझर-लोकल (/usr/local) फोल्डरखाली जाऊन बसतं आणि एपीटीला त्याचा पत्ताच नसतो. उद्या त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं तर अपग्रेड चालवून ते बुजत नाही, आणि मशीन ‘सगळं अद्ययावत आहे’ असंच सांगत राहतं. हा धोका पत्करायला खरंच सबळ कारण हवं. ‘एपीटी देत नाही’ हे ते कारण नव्हे.

कुठून तरी आणलेली डेब फाइल एकटी कधीच नसते. लिबएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं डेव्ह पॅकेज (ती वापरून प्रोग्रॅम बनवायला लागणाऱ्या फाइल्स) घ्या: बुकवर्ममध्ये त्याला लिबएसएसएल३ अगदी त्याच व्हर्जनचं लागतं. सुरक्षा अपडेटने लायब्ररी पुढे गेली आणि तुम्ही जुनं डेव्ह पॅकेज बसवू पाहिलंत, की अवलंबनं पुरी होत नाहीत म्हणून काम अडतं. उपाय साधा आहे: एकाच कमांडमध्ये दोन्ही पॅकेजेस व्हर्जनसकट लिहा. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरच्या स्वतःच्या रेपोतही इंजिन आणि त्याचं सीएलआय (कमांड देण्याचं साधन) एकाच व्हर्जनचं असं जोडीने मागणं बरं. हे स्क्रिप्टमधून करत असाल तर लक्षात ठेवा, नुसत्या होकाराच्या (-y) पर्यायावर एपीटी जुन्या व्हर्जनवर मागे जात नाही. डाउनग्रेडची परवानगी वेगळी द्यावी लागते. तसं आहे ते बरंच आहे. डेबियन डाउनग्रेडची हमी देत नाही, आणि नव्या व्हर्जनने डेटाबेसची मांडणी बदलून टाकली असेल तर जुनं पॅकेज आलं तरी जुना डेटा परत येत नाही. आधी बॅकअप घ्या.

राहिला होल्ड. मला सगळ्यात जास्त खटकतं ते ‘विसरून जा’. होल्डने पॅकेज गोठतं, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. दोन दिवसांच्या अडचणीपुरता होल्ड ठीक. कायमचं एका मालिकेवर राहायचं असेल तर एपीटीच्या प्रेफरन्सेस फाइलमध्ये पिन लावा, म्हणजे त्या व्हर्जनला स्वतःचा प्राधान्याचा आकडा द्या: पॅकेज गिट, व्हर्जन १:२.३९ आणि पुढे टिंबानंतर तारांकन, प्राधान्य १००१. हजार किंवा त्याहून वर असेल तर एपीटी गरज पडल्यास मागेही जातं. मालिका तीच राहते आणि त्या मालिकेत येणाऱ्या दुरुस्त्या मिळत राहतात. पिन लावल्यावर अपग्रेडआधी पुन्हा एकदा ‘एपीटी पॉलिसी’ चालवा. पुढे बसणारं व्हर्जन अपेक्षेप्रमाणे नसेल, तर बहुतेक वेळा इपॉक लिहायचा राहिलेला असतो.